प्रसिद्धिपूजा आणि रसिकता

पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिरात ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांस तेथील दोन तैलचित्रे परिचित असतीलच. गोपाळ देऊसकर यांच्या कुंचल्यातून उतरलेली ही चित्रे एकाच व्यक्तीची आहेत. एकात नारायण श्रीपाद राजहंस पुरुषवेशात दिसतात, दुसऱ्यात तेच गृहस्थ स्त्रीभूमिकेच्या साजशृंगारात. गेल्या हिवाळ्यात एका नाटकाच्या प्रयोगास आम्ही अंमळ लवकर जाऊन पोहोचलो, तो रंगमंदिराच्या आवारात तरुण मंडळींचा एक घोळका दिसला. चौकशी करता असे कळले की, एक तरुण बाई प्रयोग पाहण्यास आल्या असून त्यांजबरोबर आपले छायाचित्र काढून घेण्यासाठी ही झुंबड उडाली आहे. घोळक्यात आमचा एक विद्यार्थी होता. "या कोण?" असे आम्ही त्यास विचारले. "सर, त्या फार फेमस आहेत," तो म्हणाला. "कशाबद्दल?" या आमच्या दुसऱ्या प्रश्नाने मात्र तो गोंधळला. त्या गातात, की अभिनय करतात, की लिहितात, हे त्यास सांगता येईना. क्षणभर विचार करून तो उत्तरला, "रील करतात, सर. दहा लाख फॉलोअर्स आहेत."

आम्ही हसलो, पण घरी परतताना ते उत्तर मनातून जाईना. 'कशाबद्दल?' या प्रश्नास त्या मुलाने 'किती?' या प्रश्नाचे उत्तर दिले होते, आणि आपण भलतेच उत्तर दिले असे त्यास किंचितही वाटले नव्हते.

वलयांकित माणसांची ही जी नवी संस्कृती आपल्या समाजात रूढ झाली आहे, तिच्यावर कोरडे ओढणे सोपे आहे. आमच्या वयाच्या आणि आमच्या पेशाच्या माणसास तर ते फारच सोपे. आपल्या तारुण्यात जे पूज्य होते ते खरे आणि आताचे ते पोकळ, असे पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक पिढीस वाटत आले आहे. परंतु निंदेने विषय उलगडत नाही. आम्हांस येथे पाहावयाचे आहे ते हे की, प्रसिद्ध माणसाभोवती जमणारा समाज त्या माणसाचे, त्याच्या कलेचे व स्वतःचेही काय करून ठेवतो. उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ज्या वास्तूच्या दारात हा प्रसंग घडला तिला ज्यांचे नाव दिलेले आहे, त्यांचेच चरित्र या कामी पुरेसे आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. नाव, लौकिक, कीर्ती आणि प्रसिद्धी हे शब्द आपण आज एकाच अर्थाने वापरतो. पण आपल्या पूर्वजांनी ते निरनिराळ्या कामांसाठी घडविले होते. नाव काढावयाचे ते कुळाचे. लौकिक मिळवावयाचा तो ज्यांच्यात आपण राहतो त्या चार लोकांत, आणि तो वागणुकीने. कीर्ती ही माणसाच्या मागे उरणारी वस्तू. प्रसिद्धी हा शब्द जुना असला तरी त्याचा आजचा अर्थ छापखान्याने दिलेला आहे. अनोळखी लोकांच्या तोंडी आपले नाव असणे, एवढाच तो अर्थ होय. इंग्रज टीकाकार हॅझलिट याने १८१८ साली कवितेवर व्याख्याने देताना असाच भेद केला होता. खरी कीर्ती मृतांस मिळते, जिवंतांच्या वाट्यास येते ती लोकप्रियता, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे सुमारे दीडशे वर्षांनी डॅनियल बूरस्टिन या अमेरिकन इतिहासकाराने तिसरीच जात दाखवून दिली: काही माणसे केवळ प्रसिद्ध असण्याबद्दलच प्रसिद्ध असतात. पुणेकरास हे समजण्यासाठी बूरस्टिन वाचण्याची गरज नाही. चौकातील फ्लेक्स वाचले म्हणजे पुरे. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा तो भला मोठा फलक, मध्यभागी काळा चष्मा घातलेला चेहरा, नावाआधी 'युवा' किंवा 'भावी' असे एखादे विशेषण, आणि खाली शुभेच्छुकांच्या टपाल तिकिटाएवढ्या चेहऱ्यांची रांग. या गृहस्थांनी केले काय, हे फलकावर कोठेही नसते. ते फलकावर आहेत, हेच त्यांचे कर्तृत्व.

तथापि प्रसिद्धीची पूजा ही कालपरवाची गोष्ट आहे, असे मात्र कोणी समजू नये. लोकमान्य टिळकांनी लहानग्या नारायणाचे गाणे ऐकून त्यास 'बालगंधर्व' म्हटले, ही आख्यायिका महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. १९०५ साली राजहंस किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेने लोकांपुढे आले. १९११ साली खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकातील भामिनीने त्यांचे नाव घरोघर नेले. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ चे 'स्वयंवर', १९१९ चे 'एकच प्याला' आणि १९२० चे 'द्रौपदी' अशी नाटके एकामागून एक आली, आणि त्यांबरोबर महाराष्ट्रात पूर्वी कधी न दिसलेला एक प्रकार दिसू लागला. हा नट रंगभूमीवर जसे लुगडे नेसे, जशी नथ घाली, अंबाड्यात जशी फुले माळी, तसे करणे हे घरंदाज स्त्रियांत सुरुचीचे लक्षण ठरले. पुरुषांनी त्यांच्या टोपीचे अनुकरण केले. स्त्रीने कसे दिसावे याचा पाठ महाराष्ट्रातील स्त्रियांनी एका पुरुषाकडून घेतला! यातील विनोद उघड आहे, आणि विषादही तितकाच उघड आहे. कारण त्या काळी प्रतिष्ठित घरातील स्त्रीस रंगभूमीवर उभे राहण्याची सोयच नव्हती. तिची जागा ज्याने घेतली त्याच्याकडे पाहून तिने आपले रूप ठरविले.

असे अनुकरण केवळ आपल्याकडेच झाले असेही नाही. १७७४ साली ग्योटेची 'वेर्थर' ही कादंबरी निघाली तेव्हा युरोपातील तरुण तिच्या नायकासारखा निळा कोट आणि पिवळे जाकीट घालून हिंडू लागले होते. माणसास जे आवडते त्याचे निदान कपडे तरी आपल्या अंगावर असावेत असे वाटते. हा हौसेचा भाग आहे, आणि त्यास कोणी नाके मुरडण्याचे कारण नाही.

बालगंधर्वांच्या बाबतीत त्या वलयाच्या आत दिवा जळत होता, हे विसरता कामा नये. त्यांच्या पदांमागे 'स्वयंवर'च्या वेळी भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गवयाची तालीम होती. पुढे साथीस अहमदजान थिरकवा यांच्यासारखे तबलिये होते. शास्त्रीय संगीत जे संस्थानिकांच्या दरबारात आणि बैठकीत अडकून पडले होते, ते नाटकाच्या तिकिटाबरोबर कारकुनाच्या, मास्तराच्या आणि दुकानदाराच्या कानांपर्यंत पोहोचले. ज्या मुलाने 'किती?' असे उत्तर दिले त्याच्या पणजोबास कोणी 'कशाबद्दल?' असे विचारले असते, तर त्याने उत्तरादाखल एखादे पद गुणगुणून दाखविले असते. हा फरक लहान नाही.

पण येथे थांबून 'पाहा, तेव्हाची प्रसिद्धी कशी सार्थ होती' असे म्हणणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होईल. सार्थ प्रसिद्धीचीसुद्धा पूजा होऊ लागली म्हणजे ती अनर्थ करते. आणि तो अनर्थ प्रथम कलेवरच ओढवतो.

'एकच प्याला'चेच उदाहरण घ्या. राम गणेश गडकरी यांचे हे नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वीच, १९१९ च्या जानेवारीत, त्यांचे निधन झाले होते. नाटकातील पदेसुद्धा त्यांची नव्हेत. ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचून दिली. दारूने एका सुखी घराचा चढत्या क्रमाने होणारा नाश हा त्या नाटकाचा विषय. त्याची सारी शक्ती वेगात आहे. एक पायरी, मग दुसरी, मग तळ. अशा नाटकात नायिकेच्या पदास प्रेक्षकांनी एकदा, दोनदा, तीनदा 'वन्समोअर' द्यावा, आणि गायकाने प्रत्येक वेळी नव्या हरकती घेऊन ते आळवावे, म्हणजे नाटककाराने बांधलेला जिना मधोमध थांबविण्यासारखेच झाले. त्या काळचे संगीत नाटकांचे प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत, ते काही नाटककारांनी पाल्हाळ लावले म्हणून नव्हे.

आमच्या आजीने तरुणपणी हे नाटक पुण्यात पाहिले होते. ती बालगंधर्वांची निस्सीम भक्त. तिच्या पेटीत लुगड्यांच्या घडीखाली त्यांचे एक पिवळे पडलेले छायाचित्र होते, आणि आम्हां नातवंडांस ते हात धुतल्यावाचून पाहावयास मिळत नसे. त्या रात्रीची गोष्ट ती नेहमी सांगे: जात्यावर बसलेली सिंधू, फाटके लुगडे, आणि ते गाणे. गोष्ट सांगता सांगता ती स्वतःही गुणगुणू लागे. एकदा मात्र, अगदी उतारवयात, ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "तिसऱ्यांदा मागितलं ते आमचं चुकलंच रे. सिंधूला तेव्हा रडायचं होतं. आम्ही तिला गायला लावलं."

आम्ही इंग्रजी वाङ्मयावरील समीक्षेचे ग्रंथ आयुष्यभर वाचीत व शिकवीत आलो. पण लोकप्रियता आणि कलाकृती यांच्या संबंधावर याहून नेमके वाक्य आमच्या वाचनात नाही. या वाक्यात नटाची निंदा नाही, नाटकाचीही नाही. निष्ठेत तर तसूभरही उणेपणा नाही. छायाचित्र पेटीत जपलेलेच होते. परंतु जिच्यावर आपले प्रेम आहे तिचे आपण काय केले, हे ओळखण्याइतकी जागरूक अशी ती निष्ठा होती. आम्ही जिला रसिकता म्हणतो ती हीच.

दुसरा अनर्थ कलावंतावर ओढवला. १९३५ साली प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' या बोलपटात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली. वय सत्तेचाळिशीचे, आता पुरुषभूमिका करावी, वयास साजेल असे काही करावे, यात गैर ते काय? पण लोकांस त्यांचे ते रूप हवे होते कोठे? प्रभातशी जडलेला संबंध टिकला नाही, आणि १९३७ च्या बोलपटात ते पुन्हा मीराबाईच्या वेशात दिसले. बोलपटाने संगीत रंगभूमीचा आधार काढून घेतला, नाटक मंडळी कर्जाने खंगली, तरी साठीच्या आसपासही हा माणूस नवयौवना नायिका उभी करीत राहिला. माणसे म्हातारी होतात. आपण ज्यांस पूजतो त्यांस मात्र ती मुभा आपण देत नाही.

१९११ सालची ती गोष्टही पाहा. 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली, आणि तरीही त्यांनी प्रयोग केला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ही कथा आपण शंभर वर्षे मोठ्या कौतुकाने सांगत आलो आहो, आणि त्यांच्या निष्ठेबद्दल आमच्याही मनात आदर आहे. परंतु तीत आणखी एक पात्र आहे, ज्याचा उल्लेख कोणी करीत नाही. ते पात्र म्हणजे तिकिटे काढून बसलेला समाज. 'आज प्रयोग होणार नाही' हे वाक्य ऐकून समाज निमूटपणे घरी जाईल असा भरवसा त्या बापास वाटला असता, तर काय झाले असते? हा प्रश्न आपण स्वतःस विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर आपल्याकडे बोट दाखविते.

प्रेक्षकांस ते 'मायबाप' म्हणत, आणि ती केवळ बोलण्याची पद्धत नव्हती. रंगभूमीवर खोटी जर चालणार नाही म्हणून खरे शालू, खरे दागिने, उंची अत्तरे, मखमलीचे पडदे यांवर त्यांनी पैसा ओतला आणि कर्ज डोक्यावर घेतले. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्यासह झालेल्या संयुक्त 'मानापमान'ची कथा तर दंतकथाच होऊन बसली आहे. लोकांनी दिलेले प्रेम हे आपल्यावरील ऋण आहे, ते फेडावयाचे आहे, या भावनेने हा माणूस जगला आणि तिच्यापायी कफल्लक झाला. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान आला, १९६४ साली पद्मभूषण आले. पण तोवर पायांतील बळ गेले होते. १९६२ साली या रंगमंदिराचे भूमिपूजन त्यांच्याच हस्ते झाले. १९६८ च्या २६ जून रोजी, त्यांच्या जन्मदिनी, ते उघडले तेव्हा पाहावयास ते हयात नव्हते. आदल्या वर्षीच्या जुलैत त्यांचा अंत झाला होता.

कलेपेक्षा चेहरा मोठा होऊ न देता अशी पूजा करता येते काय? एक उदाहरण पुण्यातच सापडते. १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' निघाला. दामले-फत्तेलाल यांच्या या बोलपटातील तुकाराम म्हणजे विष्णुपंत पागनीस, हे पूर्वी नाटकांत स्त्रीभूमिका केलेले भजनगायक गृहस्थ. बोलपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, भाविक लोक पागनिसांनाच तुकोबा समजून त्यांच्या पाया पडत, आणि पुढे तुकोबांच्या तसबिरींतही त्यांचाच चेहरा डोकावू लागला. वरवर पाहता हा भोळेपणा बालगंधर्वांच्या टोपीच्या अनुकरणाहून अधिकच वेडगळ वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. पाया पडणारा मनुष्य पागनिसांच्या पाया पडतच नव्हता. त्याचा नमस्कार त्या चेहऱ्यातून आरपार जाऊन देहूस पोहोचत होता. तो घरी जाऊन अभंग म्हणे, पागनिसांच्या घराचा पत्ता शोधीत बसत नसे. चेहरा हे दार होते आणि दारापलीकडे घर होते.

हे दार प्रथम कोणी दुसरीकडे वळविले? नेमका दिवस सांगता येत नाही, पण एक टप्पा सांगता येतो. १९४१ साली लीला चिटणीस या पदवीधर अभिनेत्री लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्या जाहिरातीत दिसणाऱ्या त्या पहिल्या भारतीय चित्रपटतारका होत. बाईंस आम्ही दोष देत नाही. चार मुलांची आई असून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली ती कर्तबगार स्त्री होती. पण त्या दिवसापासून प्रेक्षकाच्या मनातील ओढीस एक नवी वाट फुटली. तुकोबाच्या चेहऱ्यावरून नजर अभंगाकडे जात होती. येथे ती साबणाच्या वडीकडे गेली. ज्या प्रेमापोटी पूर्वी लुगडे तसे नेसले जाई, त्या प्रेमास आता किंमतीची चिठ्ठी लागली. पुढे हा व्यवहार इतका वाढला की, त्यास आवर घालण्यासाठी कायद्यास यावे लागले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीत मालाची शिफारस करणारासही १० लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. पुन्हा तोच अपराध घडल्यास तो ५० लाखांपर्यंत जाऊ शकतो, आणि जाहिराती करण्यास एक ते तीन वर्षांपर्यंत बंदीही येऊ शकते. मात्र आपण मालाबद्दलच्या दाव्यांची योग्य ती खातरजमा केली होती असे त्याने दाखविल्यास त्याची सुटका होते. कायदा उचित आहे. परंतु त्यातून एक विचित्र गोष्ट सिद्ध होते: शिफारस करणाऱ्याने वस्तू तपासावी अशी आज्ञा कायद्याने करावी लागते, इतके आपण त्याचा चेहरा पाहूनच खिशात हात घालीत असतो.

आणि आज तिसरा टप्पा आला आहे. आता दारापलीकडे घर नाही, दुकानही असेलच असे नाही; दार हेच पाहावयाचे. आमच्या त्या विद्यार्थ्याने दिलेल्या उत्तराचा उगम येथे आहे. नाटकाचे तिकीट प्रेक्षक स्वतः पैसे मोजून घेत असे. म्हणून 'आज मजा आली नाही' असे म्हणण्याचा आपणास हक्क आहे असे त्यास वाटे. मोबाइलच्या पडद्यावर तिकीट नाही. तेथे जाहिरातदारास जे विकले जाते ते आपले पाहणेच. ज्याची विक्री होत आहे त्याच्या अभिप्रायास बाजारात किंमत नसते, त्याच्या संख्येस असते. म्हणून 'कशाबद्दल?' हा प्रश्न विचारणारा तेथे कोणी उरला नाही आणि 'किती?' याचे उत्तर प्रत्येकाच्या जिभेवर आहे.

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जुन्या काळी प्रसिद्धीच्या देवडीवर पहारा होता. कोणत्या जातीच्या, कोणत्या गावाच्या, कोणत्या घरच्या माणसाचा चेहरा लोकांपुढे यावा हे मूठभर लोक ठरवीत, आणि त्या मूठभरांत आमच्यासारखे शिकलेसवरलेले लोकच अधिक होते. आज खेड्यातील मुलगी भाकऱ्या थापता थापता ओवी म्हणते आणि ती लक्षावधी लोक ऐकतात. अशा किती मुली पूर्वी कोणाच्याही कानी न पडता संपल्या असतील! २०१६ सालच्या 'सैराट' चित्रपटाने अकलूजच्या एका शाळकरी मुलीस साऱ्या महाराष्ट्राची नायिका केले, तेव्हा जिच्यासारखे चेहरे आपल्या पडद्यावर नायिका म्हणून दिसतच नसत अशा असंख्य मुलींना आपला चेहरा तेथे दिसला. ही जमेची बाजू क्षुल्लक नाही, आणि ती लपवून लिहिलेली टीका आम्ही अप्रामाणिक समजू.

पण त्याच उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. पुढील वर्षी त्या मुलीने दहावीची परीक्षा दिली, आणि तिचे गुण राज्यभरच्या वृत्तपत्रांनी छापले. त्यांवर चर्चा झाली, कोणी कौतुक केले, कोणी हसले. तिने पडद्यावर केलेले काम हा आपल्या अभिप्रायाचा विषय होता, ते आपल्यासमोर ठेवलेलेच होते. तिची गुणपत्रिका आपल्यासमोर कोणी ठेवली होती? महाराष्ट्रातील लाखो मुलांची गुणपत्रिका ही त्यांच्या घरातली गोष्ट असते. एका मुलीची तेवढी चावडीवर वाचली गेली. भामिनीची भूमिका आवडल्यामुळे त्या नटाच्या दुःखावरही ज्या समाजाने हक्क सांगितला, त्याचाच हा वारसा होय. देवडीवरचा पहारा उठला हे चांगले झाले. पण आत जाणाऱ्यास आपण माणूस म्हणून परत बाहेर येऊ देत नाही, ही जुनी खोड तशीच आहे.

वाङ्मयाच्या आणि टीकेच्या क्षेत्रात वावरणाऱ्या आम्हा लोकांचे हात तरी स्वच्छ आहेत काय? कोणतेही नियतकालिक उघडून पाहावे. जेथे परीक्षण असावयाचे तेथे मुलाखत असते. पुस्तक कसे आहे याऐवजी लेखक सकाळी किती वाजता उठतो हे त्यात सापडते. संमेलनांत नामवंतांच्या स्वाक्षरीसाठी जी रांग लागते तीतील किती जणांनी ते पुस्तक वाचलेले असते, हे विचारण्याची सोय नाही. आणि खरे सांगावयाचे तर त्या रांगेत आम्हीही उभे राहिलेलो आहो. टीकाकाराने आपले काम सोडले म्हणजे त्याची जागा रिकामी राहत नाही. तेथे दोन टोळ्या येऊन बसतात, एक आरती करणारांची आणि दुसरी शिव्या देणारांची. दोघींसही कलाकृती पाहण्याची गरज पडत नाही. आमच्या विद्यार्थ्यांच्या बोलीत यांस 'फॅन' आणि 'हेटर' अशी नावे आहेत. या दोन शब्दांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या माणसास त्यांच्याकडे शब्दच नाही, ही आम्हांस या साऱ्या प्रकरणातील सर्वांत चिंतेची बाब वाटते. आमच्या आजीस ते काय म्हणाले असते?

रंगमंदिरातील त्या प्रसंगानंतर आम्ही आमच्या वर्गास एक निबंध लिहावयास दिला. विषय साधा होता: 'माझ्या सर्वांत आवडत्या कलावंताचे फसलेले काम.' चाळीस मुलांपैकी बहुतेकांनी तो टाळला. काहींनी लिहिले की, आपल्या आवडत्या कलावंताचे काहीच फसलेले नाही. एका मुलाने सरळ विचारले, "सर, पण मी त्यांचा हेटर नाहीये, मग असं कसं लिहू?" त्याच्या प्रश्नात उर्मटपणा नव्हता; तो खरोखरच पेचात पडला होता.

एका मुलीने मात्र दोन पाने लिहून आणली. ती एका गायिकेची भक्त होती, आणि त्या गायिकेचे अलीकडचे गाणे तिला का रुचले नाही हे तिने कडव्यावार सांगितले होते. येथे तिने आपलीच जुनी हरकत पुन्हा घेतली. येथे शब्दांचा अर्थ दुःखाचा असून तिने आवाज मिरविला. येथे वाद्ये इतकी वाजली की तिचा श्वास ऐकू आला नाही, आणि मला तिचा श्वास ऐकावयास आवडतो. शेवटी तिने लिहिले होते की, हे सारे लिहिताना मी ते गाणे अकरा वेळा ऐकले.

भाषेत चुका पुष्कळ होत्या, त्या आम्ही लाल शाईने दुरुस्त केल्या. त्या गायिकेसाठी लाखो बोटे रोज पडद्यावर हृदयाचे चिन्ह दाबीत असतील. अकरा वेळा तिचे गाणे लक्ष देऊन ऐकणारी ही मुलगी तिला कधी भेटणार नाही. पण तिच्या गाण्यास खरा श्रोता कोण मिळाला असे कोणी आम्हांस विचारलेच, तर आम्ही ती दोन पाने पुढे करू.